चष्म्याचा नंबर काढला म्हणजे डोळे तपासले असं होत नाही

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. तब्येतीचे धागे इथे बरेच आहेत पण डोळ्यांवर नीट चर्चा झालेली सापडली नाही म्हणून हा काढतोय. निमित्त घरचंच आहे. बाबांना काचबिंदू निघाला, डाव्या डोळ्याची नजर बरीच गेलीय आणि गेलेली परत येणार नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता उरलेली टिकवायची.

मला जे सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटतंय ते हे की बाबा डोळ्यांकडे दुर्लक्ष करणारे नव्हते. दर दोनेक वर्षांनी नियमाने चष्म्याच्या दुकानात जायचे. तिथल्या मशीनमध्ये हनुवटी टेकवायची, आत लांब रस्ता आणि त्याच्या टोकाला फुगा दिसतो तो बघायचा, मग तक्ता वाचायचा, शेवटची ओळ आली की "डोळे उत्तम आहेत काका" आणि नवीन काच. पण काचबिंदूत मधली नजर शेवटपर्यंत शाबूत राहते, आधी जाते ती कडेची, आणि तक्ता आपण वाचतो मधल्या नजरेने. म्हणजे तो तक्ता आम्हाला कधीच काही सांगणार नव्हता. डोळ्याचं प्रेशर कुणी मोजलं नाही, आतली नस कुणी बघितली नाही, कारण ते दुकानाचं कामच नाही.

लक्षात कसं आलं तर बाबा डाव्या बाजूने येणाऱ्या माणसाला धडकायला लागले, जिन्याची शेवटची पायरी चुकायला लागली. आम्हाला वाटलं वय झालं. मग डोळ्यांच्या दवाखान्यात फील्ड टेस्ट केली, म्हणजे नजर समोर ठेवून आजूबाजूचं किती दिसतं ती तपासणी. अर्ध्या गोलासारखं पांढरं भांडं असतं, एक डोळा झाकून त्यात बघायचं, समोरच्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही आणि आजूबाजूला बारीक दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. मी शेजारी बसून बघत होतो, दिवे लुकलुकत होते आणि बाबांचा अंगठा हलत नव्हता. कागद आला त्यात डाव्या डोळ्याचा खालचा जवळजवळ अर्धा भाग काळा.

तुमच्या घरात कुणाला काय झालं, कशामुळे झालं, कसं कळलं ते लिहा. डोळ्यांचे डॉक्टर कुणी असतील तर नक्की लिहा.

बुबुळ
कृष्णाकाठ, वाईट वाटलं, पण धागा फार गरजेचा काढलात. मी नेत्रतज्ज्ञ आहे, जिल्ह्याच्या गावी प्रॅक्टिस करते. तुमच्या बाबांसारखे पेशंट दर आठवड्याला येतात.

काचबिंदूबद्दल थोडं. डोळ्यात एक पाणी सतत तयार होतं आणि एका बारीक जाळीतून बाहेर जातं. ती वाट अडली की प्रेशर वाढतं आणि मागची नस हळूहळू सुकत जाते. साधारण १० ते २१ प्रेशर नॉर्मल धरतात पण २१ च्या आत असूनही नस सुकणारे लोक आहेत, म्हणून नुसतं प्रेशर बघून भागत नाही, नस बघावी लागते. बहुतेकांना काहीच दुखत नाही, काहीच लाल होत नाही. एका डोळ्यात जे दिसत नाही ते दुसरा डोळा आणि मेंदू भरून काढतात, त्यामुळे माणसाला पत्ता लागत नाही. याचा दुसरा प्रकार मात्र अचानक येतो, डोळा लाल, प्रचंड ठणका, दिव्याभोवती रंगीत कडी आणि उलट्या. लोक पित्त समजून घरी थांबतात. त्याला तासांचा हिशोब असतो, रात्री असेल तर रात्रीच गाठा.

आणि कृष्णाकाठ, आता तुम्ही आणि तुमची भावंडं, आत्या-काका सगळ्यांनी तपासून घ्या. रक्ताच्या नात्यात असेल तर धोका बराच वाढतो. एरवीसुद्धा चाळिशीनंतर एकदा पूर्ण तपासणी करावीच.

बाबांना थेंब कुठले दिलेत? टिमोलॉल असेल आणि त्यांना दमा असेल किंवा हृदयाचे ठोके मंद असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, डोळ्यातला थेंब नाकात उतरून रक्तात जातो. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिट-दोन मिनिटं बोटाने दाबून धरायचा. दोन वेगळे थेंब असतील तर मध्ये किमान पाच मिनिटं. बाटली उघडली की महिन्याने टाकून द्यायची, उरलं असलं तरी.

कृष्णाकाठ
धन्यवाद डॉक्टर. दमा नाहीये, रात्रीचा एकच थेंब आहे, लॅटॅनोप्रोस्ट. कोपरा दाबायचं कुणी सांगितलं नव्हतं, आजपासून सुरू. ताईला आणि आत्याला फोन केलाय.

ऊसपट्टा
डॉक्टरांनी लिहिलंय म्हणून शेतावरचं सांगतो. आमच्याकडं तोडणीच्या दिवसात उसाची पात डोळ्याला लागणं रोजचंच. धार असते तिला, सर्रकन बुबुळावरनं जाते. चुलतभावाला अशीच लागली, डोळा लाल झाला, पाणी यायला लागलं, टोचतंय म्हणाला. मेडिकलात जाऊन ड्रॉप आणला, घातल्या घातल्या बरं वाटलं, लाली गेली. चार दिवसांनी बुबुळावर पांढरा ठिपका. मोठ्या दवाखान्यात गेलो तर म्हणले बुरशी आहे, आणि तो ड्रॉप स्टिरॉइडचा होता, त्यानं बुरशीला रान मोकळं झालं. मग दर तासाला थेंब, रात्री गजर लावून, त्याची बायको उठायची घालायला. असे कित्येक आठवडे. डोळा वाचला पण फूल पडलं, त्या डोळ्यानं आता नुसता उजेड कळतो.

तर माझं सांगणं एवढंच की पात, कुसळ, भाताचं तूस, कडब्याचं काही गेलं तर मेडिकलवाल्याला विचारायचं नाही. आणि तोडीला साधा प्लास्टिकचा गॉगल घालायचा, वेल्डिंगवाले घालतात तसला. पोरं हसतात, हसू देत.

बुबुळ
ऊसपट्टा, तुमची पोस्ट छापून प्रत्येक साखर कारखान्यावर लावली पाहिजे, मनापासून सांगते. झाडपाल्याने झालेली बुबुळाची जखम म्हणजे बुरशीचा संशय आधी घ्यायचा. स्टिरॉइडचा थेंब सूज आणि लाली दाबतो म्हणून आराम वाटतो, आत जंतू वाढत राहतात. दुसरं म्हणजे तोच थेंब महिनोन्महिने घातला तर प्रेशर वाढून काचबिंदू होतो आणि मोतीबिंदूही लवकर येतो. ॲलर्जीने डोळे खाजणारी शाळकरी मुलं माझ्याकडे येतात, आईने जुन्या चिठ्ठीवर वर्षभर तोच ड्रॉप आणलेला असतो आणि मुलाची नस खराब झालेली असते. दहा-बारा वर्षांचं मूल आणि काचबिंदू. जुनी चिठ्ठी परत वापरू नका हो.

२०२३ च्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली तेव्हाही हेच, घरोघरी तेच ड्रॉप. डोळे येतात ते बहुतेक वेळा व्हायरसने आणि आपोआप बरे होतात. आणि डोळे आलेल्याकडे बघितल्याने कुणाला होत नाही. हात, टॉवेल, उशीचा अभ्रा यातून होतं.

चष्मिस_पिल्लाची_आई
डॉक्टर, मुलांच्या 'आळशी डोळ्या'बद्दल मीच लिहिते. मुलगा पाच वर्षांचा होईपर्यंत आम्हाला काहीही शंका नव्हती, टीव्ही लांबून बघायचा, चित्रं छान काढायचा, तिरळेपणा अजिबात नाही. शाळेत डोळे तपासणारी टीम आली, त्यांनी उजवा डोळा झाकला आणि हा हात ढकलून रडायला लागला, कारण डाव्याने त्याला धड दिसतच नव्हतं. डाव्याला जवळजवळ प्लस पाच नंबर आणि उजव्याला काहीच नाही, म्हणून मेंदूने डावं चित्र घेणंच सोडून दिलेलं. डोळ्याची रचना चांगली, पण मेंदूच वापरत नाही. चष्मा लागला आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी. पहिले दिवस फार जड गेले, पट्टी उपटून फेकायचा, मग आम्ही त्यावर वाघ, ट्रॅक्टर काढायला लागलो आणि पट्टी लावल्यावरच रंगवायचं पुस्तक मिळेल असं ठरवलं. आता तक्त्यावरच्या खालून दुसऱ्या ओळीपर्यंत आलाय. सात-आठ वर्षांच्या आत लक्षात आलं तर फरक चांगला पडतो, नंतर मेंदू तितका ऐकत नाही असं सांगितलं आम्हाला. म्हणून शाळेत जायच्या आधी एकदा प्रत्येक मुलाचे दोन्ही डोळे वेगवेगळे तपासाच, मूल तक्रार करणार नाहीये, त्याला वेगळं काही दिसतं हेच माहीत नसतं.

बुबुळ
अगदी बरोबर लिहिलंत. त्यात दोनच भर. मोबाईलच्या फोटोत एका डोळ्याची बाहुली लाल न दिसता पांढरी दिसत असेल तर त्याच आठवड्यात दाखवा, लहान मुलांमध्ये रेटिनाचा, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याचा, कॅन्सर असू शकतो आणि वेळेत कळला तर जीव वाचतो, पुष्कळदा डोळाही. आणि दिवस भरायच्या आधी जन्मलेली बाळं, ३४ आठवड्यांच्या आतली किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाची, त्यांच्या रेटिनाची तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत झालीच पाहिजे. काचेच्या पेटीत होतं का बाळ, ऑक्सिजनवर होतं का, तर डिस्चार्जच्या वेळी स्वतः विचारा.

भिंगवाला
मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे चष्म्याचा नंबर काढणारा, दुकानातच बसतो, म्हणून धाग्याच्या नावाने थोडं लागलं :) पण मुद्दा खरा आहे. मी गिऱ्हाइकाला सांगतो की काका मी फक्त नंबर काढतोय. सांगणारे कमी आहेत.

मोतीबिंदूचं कुणी लिहिलं नाही अजून म्हणून लिहितो. डोळ्यातलं भिंग वयाने गढूळ होतं, तो मोतीबिंदू. डायबेटिस, सिगारेट-विडी, वर्षानुवर्षं उन्हातलं काम, मार लागणं, स्टिरॉइड, यांनी लवकर येतो. आमच्याकडे आज्या येतात खुशीत, "अरे मला आता चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवता येतो, नजर सुधारली." नजर सुधारलेली नसते, भिंगाचा गाभा घट्ट होऊन मायनस नंबर आलेला असतो म्हणून जवळचं दिसतं, लांबचा टीव्ही धूसर झालेला असतो. अशा आजीला मी चष्मा न विकता डॉक्टरकडे पाठवतो.

आणि "मोती पिकला की काढू" हे आता सोडा. पिकू द्यायचा ही गोष्ट जुन्या पद्धतीच्या ऑपरेशनच्या काळातली. आता अल्ट्रासाउंडने भिंग फोडून ओढून घेतात, चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये सुरू केलेली पद्धत, त्यात फार कडक झालेला मोती उलट त्रास देतो. आत बसवायच्या कृत्रिम भिंगाची गोष्ट मला फार आवडते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांच्या विमानाची काच फुटून तिचे कण डोळ्यात जायचे. ती काच म्हणजे ॲक्रिलिक प्लास्टिक. हॅरोल्ड रिडली या डॉक्टरांच्या लक्षात आलं की हे कण डोळ्यात राहिले तरी डोळा चिडत नाही. त्यावरून १९४९ मध्ये लंडनला त्यांनी पहिलं भिंग बसवलं. आज आपल्या गावातल्या शिबिरात आजोबांच्या डोळ्यात जे बसतं ते तिथून आलंय.

ऑपरेशननंतर वर्षा-दोन वर्षांनी परत धूसर झालं तर "मोतीबिंदू परत आला" म्हणतात, तसं नसतं. भिंगामागची पिशवी गढूळ होते, लेसरने काही मिनिटांत साफ होते.

पेठेतला
चर्चा चांगली चाललीय. पण सगळं ॲलोपॅथीच का? आमच्या घरी मध, गुलाबपाणी आणि एरंडेल वर्षानुवर्षं डोळ्यात घालतात, आजीला नव्वदीपर्यंत चष्मा नव्हता. गाजर, शेवग्याचा पाला, आवळा, त्राटक यावर कुणी बोलणार का?

बुबुळ
आहाराचं नक्की बोलू. अ जीवनसत्त्व कमी पडलं तर लहान मुलांना आधी रातांधळेपणा येतो, मग डोळा कोरडा पडून पांढऱ्या भागावर फेसासारखे डाग, आणि शेवटी बुबुळ विरघळतं. शेवगा, पालेभाज्या, पिवळी-केशरी फळं, अंडी, दूध, सगळं उपयोगी. सरकारी दवाखान्यात ९ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी 'अ'चा डोस मिळतो तो चुकवू नका. पण ज्याला कमतरता नाही त्याने गाजराची टोपली खाल्ली तरी चष्मा जात नाही.

डोळ्यात घालायचं म्हणाल तर माझी हात जोडून विनंती आहे, घरातलं काहीही नको. मध-एरंडेल निर्जंतुक नसतं आणि जखम असलेल्या बुबुळावर ते घातलं तर काय होतं ते मी बघते. आजींची नजर छान राहिली याचा आनंद आहे, त्यांचे डोळे मुळात चांगले होते.

ऐकून_वाचणारी
धागा स्क्रीन रीडरने, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने, ऐकतेय, तेव्हा टायपिंगच्या चुका चालवून घ्या. मला रेटिनायटिस पिगमेंटोझा आहे. लहानपणी गावी लोडशेडिंग झालं की मी ओट्यावरून पडायचे, लग्नाच्या पंगतीत संध्याकाळी ताटात पाय द्यायचे. रातांधळी म्हणून गाजरं, कलेजी सगळं खाऊ घालून झालं. माझ्या आजाराचं कारण जीन्समध्ये आहे, आहारात नाही. रेटिनातल्या अंधारात बघणाऱ्या पेशी आधी मरतात, मग नजर चहूबाजूंनी आवळत जाते. मी आता समोरच्या माणसाचं नाक बघितलं तर त्याचे कान दिसत नाहीत.

आईबाबा नात्यातले, बाबांनी मामाची मुलगी केलेली. दोघांकडे एकच बिघडलेला जीन होता, त्यांना काही नाही, मला दोन्हीकडून आला. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न ही हौसेची गोष्ट आहे, मी कुणाला दोष देत नाही, पण घरात असा आजार असेल तर नात्यात लग्न ठरवण्याआधी जेनेटिक काउन्सेलिंग करा.

उपचाराच्या नावाखाली खूप लुबाडतात. जीन थेरपी आहे, अमेरिकेत २०१७ ला मंजूर झाली, पण ती आरपीई६५ या एकाच जीनच्या बिघाडासाठी. माझा जीन वेगळा. जेनेटिक टेस्ट न करता "स्टेम सेलने नजर आणू" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. त्यापेक्षा पांढरी काठी वापरायला लवकर शिका, मला नॅब या अंधांसाठीच्या संस्थेत शिकवलं आणि मी परत एकटी लोकलने जायला लागले. स्क्रीन रीडर म्हणाल तर फोनवर टॉकबॅक, कॉम्प्युटरवर एनव्हीडीए, दोन्ही फुकट.

कृष्णाकाठ
ताई, फार मोलाचं लिहिलंत. एक विचारतो, बाबांची नजर तक्त्यावर चांगली येते मग त्यांना दिव्यांग प्रमाणपत्र मिळतं का?

ऐकून_वाचणारी
दादा, मिळू शकतं, कारण तक्ता आणि फील्ड दोन्ही बघतात. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात चांगल्या डोळ्याची नजर चष्मा लावून ३/६० (इतरांना ६० मीटरवरून दिसतं ते ३ मीटरवरून दिसणं) पेक्षा कमी किंवा फील्ड १० अंशांपेक्षा कमी असेल तर अंधत्व, आणि फील्ड ४० अंशांपेक्षा कमी असेल तर अल्पदृष्टी. पण चांगल्या डोळ्याचं धरतात, त्यामुळे बाबांचा उजवा ठीक असेल तर बहुधा बसणार नाही. फील्डचे सगळे कागद मात्र तारखेने लावून ठेवा.

रुळावरचा
रेल्वेत आहे. रंगांधळेपणाचं कुणीतरी लिहायला हवं. आमच्याकडे लोको पायलटच्या मेडिकलमध्ये दरवर्षी मुलं बाद होतात, दोन-तीन वर्षं अभ्यास करून लेखी पास झालेली, आणि त्या ठिपक्यांच्या पुस्तकात त्यांना आकडा दिसत नाही. इशिहारा म्हणतात त्याला, जपानी डॉक्टरांनी १९१७ साली काढलेलं. मुलाला आयुष्यात पहिल्यांदा त्या दिवशी कळतं. लाल-हिरव्याचा हा दोष एक्स क्रोमोसोमवरून येतो म्हणून मुलग्यांत जास्त, आईला काही नसतं पण आजोबांकडून, म्हणजे आईच्या वडिलांकडून, नातवात उतरतो. नियम उगाच नाही, १८७५ मध्ये स्वीडनमध्ये दोन गाड्यांची टक्कर झाली त्यानंतर रेल्वेवाल्यांची रंगांची तपासणी सुरू झाली. तर पालकांनो, रेल्वे, मर्चंट नेव्ही, पायलट, असलं काही मुलाच्या डोक्यात असेल तर दहावीलाच ही टेस्ट करून घ्या. क्लासच्या फीच्या मानाने काहीच खर्च नाही. मुलाचं मन मोडायचं ते विशीत नको.

दूरदेशी
न्यू जर्सीहून वाचतेय. आईला पुण्यात १५ वर्षं डायबेटिस, ६/६ दिसतं म्हणून रेटिना तपासायला तयारच नाही. काय करू?

बुबुळ
आईंना हा धागा वाचून दाखवा. डायबेटिसमध्ये रेटिनाच्या बारीक रक्तवाहिन्या गळायला लागतात, आणि मधल्या भागात पाणी येईपर्यंत ६/६ दिसत राहतं. मग एक दिवस आत रक्तस्राव होतो आणि काळे धागे तरंगताना दिसतात. टाइप दोनमध्ये डायबेटिस कळल्या दिवसापासून वर्षाला एकदा बाहुली मोठी करून तपासायचं, नजर कशीही असो. लवकर कळलं तर लेसर किंवा डोळ्यातलं इंजेक्शन यांनी नजर राखता येते. इंजेक्शन ऐकून घाबरतील, पण डोळा बधिर करून देतात.

तरंगणाऱ्या ठिपक्यांवरून आठवलं, मोठा मायनस नंबर असलेल्यांनो, अचानक खूप ठिपके, विजेसारखे लखलखाट, किंवा कडेने पडदा सरकल्यासारखं झालं तर रेटिना सुटत असण्याची शक्यता आहे, "सोमवारी बघू" म्हणू नका.

तंबाखू_सोडलेला
एक राहिलं. चुना. आमच्या शेजारच्या लहान मुलीने आजोबांची चुन्याची पुडी दाबली, फुटली आणि सगळा चुना डोळ्यात. घरच्यांनी डोळ्यावर ओला फडका ठेवून रिक्षा शोधली, दवाखान्यात पोचेपर्यंत बुबुळ दुधासारखं पांढरं झालेलं. चुना ॲसिडपेक्षा वाईट, आत आत शिरत जातो. आधी नळाखाली धरून अर्धा तास डोळा धुवायचा, पापणी उलटून आतले कण काढायचे आणि मग पळायचं. मी तंबाखू सोडली ती त्या आठवड्यात. ज्यांची सुटत नाही त्यांनी निदान डबी-पुडी मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका.

दूरदेशी
बापरे. हे माहीतच नव्हतं. आई तयार झालीय, भाऊ शनिवारी नेतोय. अजून एक, पोरं दिवसभर लॅपटॉपवर असतात, स्क्रीनचा निळा उजेड अडवणारी ब्लू कट काच घेऊ का?

भिंगवाला
विकतो मी ती पण घेऊ नका, असंच सांगेन. स्क्रीनने रेटिना खराब होत नाही. टक लावून बघताना पापण्या कमी मिटतात, त्यात एसी, म्हणून डोळे कोरडे पडून चुरचुरतात. मध्ये मध्ये लांब बघायचं, पापण्या मुद्दाम मिटायच्या. मुलांचा मायनस नंबर वाढू नये म्हणून रोज दोनेक तास बाहेर उजेडात खेळू द्या, त्याचा उपयोग होतो हे सिद्ध झालंय. आणि भावाला सांगा, आईच्या बाहुलीत थेंब टाकले की चार-सहा तास जवळचं धूसर दिसेल आणि ऊन सोसणार नाही, त्यामुळे गॉगल बरोबर न्या आणि येताना आईला एकटीने रिक्षात बसवू नका. जुन्या चष्म्याचे आणि साखरेचे सगळे रिपोर्टपण न्यायला सांगा.